गावाचा पंच आणि गावाचा डोंगर

गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार एका माणसाला मिळाला, म्हणजे त्याने नेमके कोणाच्या वतीने बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. ज्यांनी मते दिली त्यांच्या वतीने, असे उत्तर कोणीही देईल. डिंडोलीत राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांपुरते ते उत्तर बहुधा पुरतेही. सुरतेच्या आग्नेय अंगाची ही वस्ती एके काळी ग्रामपंचायतीचे गाव होती, आज ती महानगरपालिकेचा भाग आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली खानदेशी कुटुंबे यंत्रमागांच्या आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांच्या आधाराने या भागात स्थिरावली. नगरसेवकाकडे जाताना आम्ही गटाराचे झाकण, नळाची वेळ, रस्त्यावरचा दिवा एवढेच मागणे घेऊन जातो. त्याने ते पुरविले तर तो चांगला. न पुरविले तर पाच वर्षांनी पाहून घेऊ. या हिशोबात नीतीचा फारसा पेच उद्भवत नाही.

परंतु ज्या गावात लोकांची भाकरी आणि लोकांचे दुखणे ही दोन्ही एकाच खड्ड्यातून वर येतात, त्या गावच्या लोकप्रतिनिधीने काय करावे? अशा गावासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आमच्याच सुरत जिल्ह्यात, मांडवी तालुक्यातील तडकेश्वर आणि मांगरोळ तालुक्यातील वस्तान येथे, लिग्नाइट नावाच्या तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणी निघाल्या. तरीही या विचारासाठी आम्ही गोव्याकडे वळतो. एक तर तेथील कथा अधिक जुनी आहे, आणि ती न्यायालयांच्या निकालपत्रांत स्पष्ट नोंदलेली आहे. दुसरे, या मासिकाच्या कित्येक वाचकांची कुलदैवते गोमंतकात आहेत. दर्शनास गेलेल्या वाचकाने डिचोली-सत्तरीच्या वाटेवर झाडांच्या पानांवर बसलेली तांबडी धूळ पाहिलेली असेल.

गोव्यातील लोहखनिजाचे परवाने पोर्तुगीज अमदानीतले. १९५० नंतरच्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांकडे माल जाऊ लागला, आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील डोंगरांना एकाएकी मोल आले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६२ च्या ऑक्टोबरात ग्रामपंचायतींच्या पहिल्या निवडणुका झाल्या. म्हणजे गावाला पंच मिळाला तेव्हा डोंगर आधीच देऊन झालेला होता. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पंचाच्या अडचणीचे अर्धे मूळ त्यातच आहे.

उरलेले अर्धे कायद्यात आहे. लोहखनिजाचा पट्टा द्यावा की न द्यावा, हे १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याप्रमाणे राज्य व केंद्र सरकारने ठरवावयाचे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत घातले. त्यांत शेती आहे, पिण्याचे पाणी आहे, रस्ते आहेत, आरोग्य आहे, लहान उद्योग आहेत, खाण नाही. तेव्हा खाणीवर पंचाचा अधिकार नाही. परंतु खाणीने आटलेली विहीर, ट्रकांनी फोडलेला रस्ता आणि धुळीने खोकणारे मूल हे तिन्ही विषय त्याचेच. कारणाशी त्याचा संबंध नाही आणि परिणाम मात्र त्याच्या दारात येऊन उभे राहतात. अधिकाराविना आलेले उत्तरदायित्व मनुष्यास हळूहळू दोहोंपैकी एक करून सोडते: बंडखोर किंवा अडत्या. बहुतेक पंच दुसऱ्या वर्गात जाऊन पडतात, आणि तसे का होते हे पाहिल्याशिवाय त्यांना दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

टँकरचीच गोष्ट घ्या. गोव्याच्या डोंगरांत लोहखनिज ज्या थरांत असते, पावसाळ्याचे पाणी मुरून साठते तेही बहुतांशी त्याच थरांत. खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली की खड्ड्यात पाणी भरते. ते पंपांनी उपसून बाहेर काढल्याशिवाय काम चालत नाही. इकडे उपसा सुरू झाला की तिकडे पायथ्याच्या झरी आणि विहिरी बसतात. झरीच्या पाण्यावर होणारे वायंगणाचे पीक जाते, कुळागरातील पोफळी सुकू लागतात. त्यातच एक टन खनिजामागे सरासरी अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. ती ढिगाऱ्याने रचलेली असते, आणि पहिल्या मोठ्या पावसात खालच्या शेतांत उतरते. वायंगण गेले ते पाण्यावाचून, सरद शेती गेली ती गाळाने. मग पिण्याच्या पाण्याची ओरड होते आणि खाणवाल्याचा टँकर गावात येतो.

हा टँकर येतो तो पंचाच्या शब्दाने. सकाळी बायका घागरी घेऊन रस्त्याच्या कडेस उभ्या असतात आणि पंचाला विचारतात, "बाब, टँकर केन्ना येतलो?" पंच कोणाला तरी निरोप धाडतो, टँकर येतो, आणि त्या दिवशी पंचाने गावाचे काम केलेले असते. ते खरोखरच काम आहे. तहानलेल्याला पाणी मिळवून देण्याला आम्ही हिणकस म्हणणार नाही. पण या व्यवहारात काय घडले ते पाहावे. जी विहीर गावाची होती, जिच्या पाण्यासाठी कोणाच्या पाया पडावे लागत नव्हते, ती गेली. तिच्या जागी एक उपकार आला. हक्काचे उपकारात रूपांतर झाले, आणि ते करणारा दलाल म्हणून आमचा निवडून दिलेला मनुष्य मध्ये उभा राहिला. उद्या पंचायतीच्या बैठकीत खाणीविरुद्ध ठराव आला तर परवा टँकर येईल की नाही, हा विचार त्याच्या मनात आल्याखेरीज राहील काय? त्याला कोणी धमकी द्यावी लागत नाही. घागरींची रांग त्याने स्वतःच पाहिलेली असते.

आता ट्रकाकडे येऊ. २००० नंतर चीनची मागणी वाढली, खनिजाचे भाव चढले, आणि २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक माल बाहेर गेला. खाणीवरून मांडवी-जुवारीच्या काठापर्यंत, जेथून बार्ज भरतात तेथपर्यंत, हा माल ट्रकांनी न्यावा लागे. गावोगावच्या लोकांनी कर्जे काढून ट्रक घेतले. कोणी एक, कोणी चार. पंचांनीही घेतले, त्यांनी घेऊ नयेत असे कोठे लिहिले आहे? पंचायतीच्या स्वतःच्या कामाच्या कंत्राटात पंचाचा हितसंबंध असेल तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते, अशी तरतूद पंचायत कायद्यात आहे. म्हणजे गावच्या गटारावर चार फरश्या बसविण्याचा ठेका भावाच्या नावाने घेतला तर कायदा पंचास पकडील. पण गावाचा डोंगर ज्या ट्रकांतून रोज उतरत आहे त्यांतील दोन ट्रक त्याच्या घरचे असले तरी कायद्याला त्याचे काही नाही, कारण ते काम पंचायतीचे नव्हे. फरशीपेक्षा डोंगर मोठा, ही गोष्ट कायद्याच्या नजरेतून निसटली आहे.

येथे वाचक म्हणतील, मग ट्रकवाला पंच लोभी ठरला, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. ट्रक घेणारा हा पुष्कळदा तोच मनुष्य असतो ज्याचे वायंगण बुडाले. शेत गेले म्हणून त्याने ट्रक घेतला. ट्रकाचा हप्ता आहे म्हणून खाण चालली पाहिजे. खाण चालली पाहिजे म्हणून गेलेल्या शेताची तक्रार त्याला करवत नाही. नुकसानच येथे संमती निर्माण करते. अशा गावातील पंच ग्रामसभेत उभा राहून म्हणतो, "लोकांना खाण हवी आहे," तेव्हा तो खोटे बोलत नाही. लोकांना ती हवीच असते. तरी ते म्हणणे मोकळ्या माणसाचे नव्हे. सावकाराच्या घरी राबणारा कुळवाडी सावकाराचे भले चिंतितो, तेही मनापासूनच असते.

ही गुंतागुंत पंचांपासून सुरू झाली असेही नाही. मुक्त गोव्याचे पहिले निवडून आलेले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. १९६३ च्या डिसेंबरात बहुजन समाजाने मोठ्या विश्वासाने त्यांच्या हाती सत्ता दिली, आणि खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा नेऊन त्यांनी तो विश्वास पुष्कळ अंशी सार्थ केला. त्यांच्याविषयी गोमंतकात आजही जो जिव्हाळा आढळतो तो खोटा नाही. परंतु त्यांच्या उदाहरणाने लोकांच्या मनात एक समज रुजला असावा, की खाणीचा पैसा आणि लोकांचे भले यांत विरोध असतोच असे नाही, देणारा हात मात्र उदार हवा. हा समज मोठ्या माणसापाशी शोभून गेला. लहान माणसाच्या हाती तो आला तेव्हा त्याचा टँकर झाला.

मग या पंचाने वागावे कसे? आम्हांस यावर प्रकाश सापडतो तो देवस्थानांच्या व्यवस्थेत, आणि या मासिकाच्या वाचकांना ती समजावून सांगावी लागणार नाही. देवाची मालमत्ता देवाच्या नावे असते. देव स्वतः सही करीत नाही, तक्रार करीत नाही, बाजारभाव विचारीत नाही. म्हणून आपल्या धर्मशास्त्राच्या परंपरेवर उभ्या राहिलेल्या न्यायाने देवाची स्थिती अज्ञान बालकासारखी मानली. १८७५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरविले, की देवाच्या सेवायताचा अधिकार हा अज्ञान वारसाची मालमत्ता सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाच्या अधिकारासारखा आहे. खरी गरज असेल, देवस्थानाचे हित असेल, तर तो मालमत्तेवर बोजा चढवू शकतो, एरवी नाही. आणि ती मालमत्ता त्याने स्वतः विकत घ्यावी, हे तर विश्वस्ताला कधीच खपवून घेतले जात नाही. गोव्यात १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजन समिती निवडतात, मामलेदार देवस्थानांवर प्रशासक असतो. मंडळींचे आपसांत कितीही पटत नसो, देवाच्या भाटात कोणी हात घातला की सगळे महाजन जागे होतात.

गावही असेच अज्ञान बालक आहे, असे आमचे म्हणणे आहे. आजचे मतदार सज्ञान आहेत, ठीक. पण गाव म्हणजे केवळ आजचे मतदार नव्हेत. ज्यांचा जन्म अजून व्हायचा आहे त्यांना ग्रामसभेत हात वर करता येत नाही. झरीला येत नाही. आणि हप्त्याच्या ओझ्याखाली जो बोलू शकत नाही, तो हजर असूनही त्या घटकेपुरता अज्ञानच असतो. पंचाने बोलावयाचे ते या साऱ्यांच्या वतीने. ज्या गोष्टी बोलणे मतदाराला परवडत नाही, त्या बोलण्यासाठीच तर एक मनुष्य आपल्यातून वेगळा काढून खुर्चीवर बसविला. परवडणाऱ्या गोष्टी प्रत्येकजण आपल्या तोंडाने बोलतोच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. देवाला भूक लागत नाही, गावाला लागते. २०१२ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, राज्य सरकारने खाणी थांबविल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीवर आपली मोहर उठविली. पुढे काही काळ काम सुरू झाले, तोच २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने नूतनीकरण केलेले ८८ पट्टे रद्द केले आणि १६ मार्चपासून पुन्हा सारे ठप्प झाले. दारात उभ्या ट्रकांची चाके गंजली, हप्ते चालूच राहिले, गॅरेजे आणि खाणावळी बंद पडल्या. त्या दिवसांत खाणपट्ट्यातील घरांत विश्वस्ततेचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याला कोणी पाट दिला नसता, आणि ते योग्यच झाले असते.

आक्षेप आम्ही मान्य करतो, पण तो कोठवर नेतो ते पाहावे. भुकेल्याची गरज ही खरी गरज आहे. सेवायतालाही अशा वेळी मुभा असते. तेव्हा पंचाने खाणीच्या बाजूने मत दिले म्हणून तो आपोआप पापी होत नाही. पण गरज दाखवावी लागते. गरजेपुरतेच घेतले हे दाखवावे लागते. आलेल्या द्रव्यातून बालकाच्या वाट्याला काय ठेवले याचा जमाखर्च द्यावा लागतो. पाच कोटी टन ही कोणाची भूक होती? गावाची भूक एवढी नव्हती. गावाच्या भुकेआडून दुसरेच कोणी जेवून गेले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जुन्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती आणि त्यानंतरचे सारे उत्खनन बेकायदा होते. जवळजवळ पाच वर्षे अख्खा डोंगरपट्टा मुदतीवाचून खणला गेला. त्या पाच वर्षांत खाणपट्ट्यातील किती पंचायतींनी लेखी विचारले, की मुदतीचा कागद कोठे आहे? खाणीवर अधिकार नसला तरी प्रश्न विचारण्याला कोणत्या अनुसूचीची आडकाठी होती? पंचाचा दोष आम्ही मानतो तो येथे. त्याने ट्रक घेतला हा दोष लहान. ट्रक घेतल्यावर तो प्रश्न विचारीनासा झाला, हा मोठा.

त्याच निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली गेली आणि विकलेल्या खनिजाच्या किमतीचा दहावा भाग पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावा, असा आदेश झाला. देवस्थानाच्या मूळ निधीला हात लावू नये, व्याजावर नैवेद्य चालवावा, ही आपल्याकडील जुनी रीत. ती सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या दगडमातीला लावली असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. निर्णय दिल्लीला झाला हे मात्र मनाला लागते. तो एखाद्या पंचायतीच्या ओटीवर सुचावयास हवा होता.

अगदीच सुचले नाही असे नव्हे. केपे तालुक्यातील कावरे गावी, जेथे वेळीप समाजाची वस्ती आहे, लोकांनी सहकारी संस्था काढली आणि म्हटले, खाण चालवायचीच असेल तर ती आम्हांला द्या. किती खणायचे, कोठे थांबायचे हे आम्ही ठरवू. मागणी मान्य झाली नाही. ती व्यवहार्य होती की नव्हती यावर आम्ही मत देत नाही. पण भूक आणि डोंगर ही दोन्ही एकाच्याच गळ्यात बांधण्याची ती प्रामाणिक रीत होती. ओरिसात नियमगिरीच्या पायथ्याशी २०१३ साली न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी डोंगर देण्यास नकार दिला. तेथे विचारले गेले म्हणून उत्तर मिळाले. सत्तरीतील सोनशी गावच्या लोकांना कोणी विचारले नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये धूळ आणि पाण्यासाठी त्यांनी रस्त्यावर ट्रक अडविले, तेव्हा ४५ जणांना अटक झाली. माणसे रस्त्यावर बसतात तेव्हा बहुधा खुर्चीवर बसलेला आधी गप्प राहिलेला असतो.

पंचाकडून आम्ही वीरवृत्तीची अपेक्षा करीत नाही. आमची अपेक्षा फार साधी आहे. खाणीचा विषय ग्रामसभेपुढे आला की त्याने प्रथम उभे राहून सांगावे: माझ्या घरी इतके ट्रक आहेत, इतके कर्ज आहे, अमुक यंत्र माझ्या मेव्हण्याचे आहे. ते वृत्तांतात लिहवून घ्यावे, आणि मतदानाच्या वेळी बाजूला बसावे. कायदा मागत नाही तरी बसावे. आपल्या देवळाच्या समितीत भाटाचा लिलाव निघाला आणि बोली लावणारा समितीच्याच माणसाचा भाऊ निघाला, तर आपण दुसरे काय सांगतो?

देवळाचा विषय निघालाच आहे तर आमच्याही अंगणात पाहावे लागेल. खाणपट्ट्यातील किती सभामंडपांच्या फरशा, किती पालख्यांची चांदी, किती वर्धापनदिनांचे महाप्रसाद कोणत्या पैशाने झाले, हे आपण विचारीत नाही. देणाऱ्याची श्रद्धा खरी असू शकते. ती नाकारण्याचा आमचा अधिकार नाही. पण देणगीदाराचे नाव संगमरवरात कोरले गेले, की त्याच देवळाच्या तळीचे पाणी का उतरले हे त्याच देवळात विचारणे अवघड होते. पंच जसा टँकरने बांधला जातो तसे आपण महाजन फरशीने बांधले जातो. तेव्हा पंचावर बोट रोखताना आवाज थोडा खाली ठेवलेला बरा.

डिचोली तालुक्यातील शिरगाव हे लईराई देवीचे गाव. जत्रेला व्रतस्थ धोंड निखाऱ्यांवरून चालत जातात, म्हणून ते दूरवर ठाऊक आहे. तिन्ही बाजूंच्या खाणींनी या गावच्या विहिरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. २०२२ च्या अखेरीपासून खाणपट्ट्यांचे नव्याने लिलाव झाले, तेव्हा शिरगाव आणि शेजारचे मुळगाव येथील लोकांच्या ध्यानात आले, की पट्ट्यांच्या हद्दीत त्यांची घरे, शेते आणि देवळेही आली आहेत. ती वगळावीत अशी मागणी त्यांनी लावून धरली. मागणी रास्त आहे, आणि देवळाचे नाव निघताच गाव एक झाले यात नवल नाही. देवळाला भिंती आहेत, महाजन आहेत, नकाशावर खूण आहे. झरींना यांतले काही नाही. कोणत्या झरीवर कोणाचे वायंगण होत असे, ती कोणत्या साली आटली, हे कित्येक गावांत आता चार-दोन म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरले आहे. पुढच्या ग्रामसभेपूर्वी एखाद्या पंचाने त्यांच्याजवळ बसून ती नावे वहीत उतरून घ्यावीत.